पालमची फिरनी

गावाभोवती पायी फिरून येणे ही गोष्ट इतकी साधी आहे, की तिला काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. राजवाडे, तट, देवळे आणि थडगी यांचा इतिहास लिहिला जातो; ज्या वाटेने माणसे त्या देवळाकडे गेली, त्या वाटेचा लिहिला जात नाही. वाट ही पायांनी तयार होते आणि पाय थांबले की चार पावसाळ्यांत बुजून जाते. तिच्यावर कोणाचे नाव कोरलेले नसते. तथापि एखाद्या प्रदेशात सामान्य माणसाला कोठवर मोकळेपणाने जाता येत होते, कोठे त्याला अडविले जात होते आणि तो तहानला तर त्याच्या पाण्याची सोय कोणी केली होती, हे पाहिले असता त्या प्रदेशाच्या राज्यकारभाराची जितकी पारख होते, तितकी पुष्कळ वेळा बखरींवरूनही होत नाही.

दिल्लीच्या नैऋत्येस आज द्वारका या नावाची विस्तीर्ण उपनगरी उभी आहे. विमानतळाच्या लगत, पालम गावापासून नजफगढच्या नाल्यापर्यंत ती पसरली आहे. साडेपाच हजार हेक्टरांहून अधिक जमिनीवर दिल्ली विकास प्राधिकरणाने तिची आखणी केली. विभागांना क्रमांक दिलेले, रस्ते सरळ आणि रुंद, इमारती बहुमजली. या क्रमांकांच्या मधून मात्र जुन्या गावांची नावे अजून डोके वर काढतात: पालम, बागडोला, अंबरहाई, पोचनपूर, धूलसिरस, भरथल, बामनोली, ककरोला, मटियाला. प्रत्येक नावाभोवती एकेकाळी शेते होती, एक दोन जोहड म्हणजे तळी होती, गुरे चारावयाचे रान होते, आणि या सर्वांना वेढून जाणारी एक वाट होती. त्या वाटेस या मुलखात फिरनी असे म्हणतात.

फिरनी म्हणजे गावठाणाच्या कडेने फिरणारा रस्ता. महाराष्ट्रातील खेड्यात ज्यास पांढरी आणि काळी म्हणतात, म्हणजे एक वस्तीची जमीन आणि दुसरी पिकाची, त्या दोहोंच्या सीमेवरून ती जाते. तिचे कार्य अगदी व्यवहारी होते. सकाळी गुरे तिच्यावरून रानात जात, संध्याकाळी धूळ उडवीत परत येत. बैलगाडी गावातील बोळांत न शिरता तिच्यावरून खळ्याकडे वळे. लग्नाची वरात, प्रेताची तिरडी आणि महसुलाचा अंमलदार हे सर्व तिच्याच एका टोकाने गावात येत किंवा गावातून जात. परंतु म्हाताऱ्या माणसांना संध्याकाळी सावकाश एक फेरा घालावयाचा झाल्यास त्यासाठीही हीच वाट होती. चढ नाही, उतार नाही, हरवण्याची भीती नाही. जेथून निघाले तेथेच परत यावयाचे. विलायतेत ज्याला गावाभोवतीचा सोपा फेरफटका म्हणतात, तो हाच.

विलायतेचा उल्लेख येथे सहेतुक केला आहे. गावाभोवतालच्या पाऊलवाटांचे जेवढे कौतुक आणि जेवढी कायदेशीर चिंता इंग्लंडात झाली, तेवढी क्वचितच दुसरीकडे झाली असेल. तेथील खेड्यात चर्चपासून निघणारी वाट एखाद्या खाजगी शेतातून, गव्हाच्या उभ्या पिकामधून, कुंपणावर लावलेल्या लाकडी पायऱ्या ओलांडीत पुढच्या खेड्यास जाते, आणि शेत कोणाचेही असले तरी त्या वाटेवरून चालण्याचा हक्क कोणाही माणसाला असतो. तो त्या गावचा असण्याची गरज नाही, त्याला तेथे काही काम असण्याचीही गरज नाही. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा हक्काच्या वाटा सुमारे सव्वादोन लक्ष किलोमीटर भरतात.

हा हक्क इंग्रज शेतकऱ्याला किंवा मजुराला कोणी दान म्हणून दिला नाही. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत तेथील सामाईक राने व माळ एकामागून एका कायद्याने कुंपणांत घातले गेले आणि मोठ्या जमीनदारांच्या मालकीचे झाले. १८१५ च्या एका कायद्यान्वये दोन न्यायाधीशांनी एकत्र बसून एखादी वाट अनावश्यक ठरविली की ती बंद होई. आणि हे न्यायाधीश बहुधा जमीनदारवर्गातलेच असल्यामुळे अनावश्यक वाटा पुष्कळ निघाल्या. त्यावर प्रतिक्रिया म्हणून १८२६ साली मँचेस्टर येथे जुन्या पाऊलवाटांच्या रक्षणार्थ एक संस्था निघाली. कापडगिरण्यांच्या त्या शहरात मजुराला आठवड्यातून एक दिवस धुराबाहेर जावयाचे तर या वाटांशिवाय मार्ग नव्हता. १८६५ मध्ये सामाईक रानांच्या रक्षणासाठी लंडनमध्येही संस्था स्थापन झाली. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर परिसरातील काही शे तरुण किंडर स्काउट नावाच्या बंदिस्त पठारावर जाणूनबुजून चढले आणि त्यांपैकी पाच जणांना तुरुंगवास भोगावा लागला. त्याच वर्षी असा कायदा झाला, की एखाद्या वाटेवरून लोक वीस वर्षे अव्याहत, कोणाच्या परवानगीवाचून चालत आले असतील तर ती सार्वजनिक समजावी. शेवटी १९४९ च्या कायद्याने प्रत्येक परगण्याने आपल्या हद्दीतील हक्काच्या वाटांचा निर्णायक नकाशा तयार करावा असे ठरले. त्यानंतरच्या काळात खेडोपाडीच्या पंचायतींनी आपापल्या हद्दीतील वाटा स्वतः चालून पाहिल्या आणि कागदावर उतरविल्या. त्या नकाशात जी वाट आली, तिच्याबद्दल पुढे वाद उरला नाही.

या वृत्तान्तात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट एकच आहे. वाट टिकली ती सृष्टिसौंदर्यामुळे नव्हे. तिची नोंद झाली आणि ती नोंद सांभाळणारी एक गावसंस्था मागे उभी होती म्हणून टिकली. या दृष्टीने पालमच्या परिसराकडे पाहिले, म्हणजे त्याच्या इतिहासातील पुष्कळ गोष्टींचा अर्थ लागू लागतो.

पालमचा सर्वांत जुना महत्त्वाचा लेख हा वाटसरूंच्या सोयीचाच लेख आहे. विक्रम संवत् १३३३ म्हणजे इ. स. १२७६ मध्ये, ग्यासुद्दीन बल्बन दिल्लीच्या तख्तावर असता, उद्धर नावाच्या एका ठाकुराने येथे एक बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर, बांधली आणि तिच्यावर संस्कृत शिलालेख बसविला. हा उद्धर मूळचा मुलतानकडील उच्च या गावच्या घराण्यातला. त्याने अनेक धर्मशाळा बांधल्याचे लेखात म्हटले आहे. हरियानक नावाची ही भूमी प्रथम तोमरांनी भोगली, मग चौहानांनी आणि आता शक म्हणजे तुर्की सुलतान भोगीत आहेत, असा राजवंशांचा क्रमही त्यात दिला आहे. ढिल्ली आणि योगिनीपुर ही नगराची दोन्ही नावे त्यात येतात. सुलतानाच्या राज्यात पृथ्वी इतकी निर्धास्त आहे की विष्णूनेही चिंता सोडून क्षीरसागरात झोप घ्यावी, अशा अर्थाची स्तुती एका संस्कृत पंडिताने एका तुर्की सुलतानाची केली आहे. इतिहासकारांनी या लेखाचा उपयोग बहुधा राजवंशांसाठी आणि धर्मसंबंधांच्या चर्चेसाठी केला, आणि ते योग्यच आहे.

परंतु त्याच लेखात बावडीचे ठिकाण कसे सांगितले आहे तेही पाहण्याजोगे आहे. ती पालंब गावाच्या पूर्वेस आणि कुसुंभपुराच्या पश्चिमेस आहे, असे लेख म्हणतो. म्हणजे विहीर कोणा एका गावाच्या चावडीपुढे नसून दोन गावांच्या मधल्या वाटेवर होती. तिच्यावर हक्क सांगावयास जवळ कोणी नव्हते. जो चालत येईल त्याच्यासाठी ती होती. सातशे पन्नास वर्षांपूर्वीच्या या शिवारात पालमहून निघालेल्या माणसास कुसुंभपुरास पोहोचेपर्यंत कोठे थांबता येईल, हे दगडावर लिहून ठेवलेले आहे. त्या बावडीचा दगड दिल्लीच्या लाल किल्ल्यातील संग्रहालयात जाऊन राहिला. ज्या दोन गावांच्या नावांनी तिचे ठिकाण सांगितले होते, त्यांपैकी पालंबचे पालम झाले.

पालमचे नाव साऱ्या उत्तर हिंदुस्थानात झाले ते मात्र एका उपहासामुळे. शाह आलमचे राज्य दिल्लीपासून पालमपर्यंत, अशा अर्थाची फार्सी म्हण प्रसिद्ध आहे. आलम म्हणजे जग. जगाचा राजा म्हणविणाऱ्याची सत्ता राजधानीपासून एका गावापर्यंतच चालते, ही त्यातील खोच. मराठी वाचकाला ही म्हण दुसऱ्या शाह आलमच्या संदर्भात ठाऊक असते. परंतु ती त्याच्याही तीनशे वर्षे आधी सय्यद घराण्यातील शेवटचा सुलतान अलाउद्दीन आलमशाह याच्याविषयी रूढ होती असे दिसते. हा आलमशाह १४४५ मध्ये गादीवर आला, १४४८ मध्ये दिल्ली सोडून बदाऊनास जाऊन राहिला आणि १४५१ मध्ये बहलोल लोदीने राज्य घेतले तेव्हा त्याने फारशी खळखळही केली नाही. पुढे नावाचा आणि दैन्याचा योग पुन्हा जुळून आला, तेव्हा लोकांनी जुनीच म्हण नव्या बादशहास लावली.

दिल्लीच्या किल्ल्यापासून पालम सरळ रेषेत सतरा-अठरा किलोमीटर आहे. जुन्या मापाने सहा कोस. धडधाकट माणूस भल्या पहाटे निघाला तर दुपारच्या जेवणास तेथे पोहोचतो. म्हण रचणाऱ्याने राज्याचे मोजमाप सुभ्यांनी किंवा महसुलाने केले नाही, पायांनी केले. एका सकाळच्या चालीत जे संपते ते राज्य, हा हिशेब ज्याला सुचला तो नक्कीच त्या वाटेने चालणारा असला पाहिजे.

दुसऱ्या शाह आलमचा आणि मराठ्यांचा संबंध सर्वश्रुत आहे. तथापि या वाटेच्या संदर्भात तो थोडक्यात सांगणे अवश्य आहे. १७६४ मध्ये बक्सर येथे पराभव झाल्यावर हा बादशहा अलाहाबादेस इंग्रजांच्या आश्रयाने राहिला होता. पानिपतच्या आघातातून सावरलेल्या मराठ्यांनी १७७१ च्या फेब्रुवारीत दिल्ली घेतली आणि महादजी शिंद्यांच्या संरक्षणाखाली ६ जानेवारी १७७२ रोजी बादशहा आपल्या राजधानीत परतला. त्याच्याबरोबर आलेला सरदार मिर्झा नजफखान याने पुढील दहा वर्षांत दिल्लीच्या सभोवारचा मुलूख पुन्हा बादशाही अमलाखाली आणण्याचा प्रयत्न केला. पालमच्या पश्चिमेस तीन साडेतीन कोसांवर, झिलाच्या काठी त्याच्या नावाने वसलेले ठाणे म्हणजेच नजफगढ. राजधानीच्या नैऋत्येकडील वाटेवर आपले ठाणे असावे, हा त्यामागील हेतू उघड आहे. म्हणीतील पालमची हद्द ओलांडून राज्य निदान तीन कोस पुढे गेले, असे थट्टेने म्हणता येईल. परंतु १७८२ मध्ये नजफखान मेला आणि तेवढाही आधार गेला. १७८४ मध्ये महादजींनी पेशव्यांच्या नावे वकील-इ-मुत्लकचे पद मिळविले, १७८८ मध्ये गुलाम कादिराने बादशहाचे डोळे काढले, मराठी फौजेने पुन्हा दिल्ली हस्तगत करून त्या अंध वृद्धास तख्तावर बसविले, आणि १८०३ च्या सप्टेंबरात पटपडगंजच्या लढाईनंतर ती दिल्ली इंग्रजांकडे गेली. या तीस वर्षांत पालमची वाट कोणाच्या हुकमतीखाली होती हे दर काही वर्षांनी बदलत असे. गुरे मात्र रोज त्याच फिरनीवरून जात असतील. रयतेच्या वाटा राज्यक्रांतीने बदलत नसतात.

या परिसराची खरी मर्यादा राजांनी ठरविलेली नसून पाण्याने ठरविलेली होती. अरवलीत उगम पावणारी साहिबी नदी पावसाळ्यात येथील सखल भागात पसरे आणि तेथे नजफगढचे प्रचंड झील तयार होई. त्याचे पाणी नाल्यावाटे उत्तरेस जाऊन वजीराबादजवळ यमुनेस मिळे. हिवाळ्यात झिलावर दूरदेशीचे पक्षी येत, पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात रब्बीचे पीक घेत. पालमच्या रानात हरणे होती. येथे जहांगीर बादशहा शिकारीस येत असे, याचा उल्लेख त्याच्या आत्मचरित्रात आहे. म्हणून या बाजूच्या वाटांचा आकारही ऋतूप्रमाणे बदले. ज्येष्ठात जेथून सरळ जाता येई, तेथे भाद्रपदात कोसभर वळसा घ्यावा लागे.

वाटेचे हे ज्ञान नसले तर काय होते, याचा प्रत्यय १८५७ च्या ऑगस्टमध्ये आला. दिल्लीस वेढा घालून बसलेल्या इंग्रजांसाठी पंजाबातून जड तोफांचा काफिला येत होता. तो वाटेत अडवावा म्हणून बख्तखानाच्या नेतृत्वाखाली बंडवाल्यांची फौज दिल्लीबाहेर पडली. तिच्यात नीमचची पलटण होती. नीमच हे शिंद्यांच्या मुलखातील छावणीचे गाव. ही पलटण नजफगढपर्यंत पुढे गेली, बख्तखानाची स्वतःची तुकडी मागे राहिली. २५ ऑगस्ट रोजी पहाटे निकल्सन हा इंग्रज सेनानी सुमारे अडीच हजार सैन्यानिशी टेकडीवरून निघाला. मुसळधार पावसाने सारा प्रदेश चिखलमय झाला होता, तोफांची चाके रुतत होती. अठरा मैलांची मजल त्यास बारा तासांच्या आसपास लागली. तरी दिवस मावळण्यापूर्वी त्याने लढाई दिली, नीमचच्या पलटणीच्या तेरा तोफा घेतल्या आणि नाल्यावरचा पूल उडवून तो परतला. ४ सप्टेंबरला जड तोफा छावणीत पोहोचल्या, १४ सप्टेंबरला दिल्लीवर हल्ला झाला. दोन तुकड्यांमधल्या काही कोसांच्या दलदलीने आणि त्याहून मोठ्या आपसातील दुराव्याने बंडवाल्यांचा तो बेत फसला.

राज्य इंग्रजांचे झाले आणि वाटा कागदावर आल्या. पैमाशीच्या वेळी प्रत्येक गावचा शजरा म्हणजे नकाशा कापडावर काढण्यात आला. त्यात प्रत्येक शेताला क्रमांक मिळाला. पडीक रान, जोहड, स्मशान आणि रस्ते हे शामिलात, म्हणजे साऱ्या गावाच्या समाईक मालकीचे, म्हणून नोंदले गेले. १९०८ च्या सुमारास वस्तीच्या जागेभोवती नकाशावर तांबडी रेघ ओढण्याची पद्धत पडली. त्या रेघेस लाल डोरा हे नाव मिळाले. तिच्या आत शेतसारा नाही आणि बाहेर आहे, एवढाच तिचा मूळ अर्थ. स्वातंत्र्यानंतर पंजाबचा १९४८ चा चकबंदीचा कायदा येथे लागू होऊन तुकड्या तुकड्यांची शेते एकत्र करण्यात आली, त्या वेळी अनेक गावांच्या फिरन्या नव्याने सरळ आखल्या गेल्या. १९५४ च्या दिल्ली भूमिसुधारणा कायद्याने शामिलात जमीन गावसभेकडे आली. आता वाटेस नकाशाही होता आणि मालकही होता. याच दशकात इंग्लंडातील पंचायती आपल्या वाटा चालून मोजीत होत्या. कागदापुरते पाहिले तर पालमची फिरनी आणि डर्बीशायरमधील पाऊलवाट या दोघी तेव्हा सारख्याच सुरक्षित होत्या.

पुढे त्या दोघींचे दैव निराळे झाले याचे कारण कायद्यातच सापडते. दिल्ली वाढत होती. १९५७ मध्ये दिल्ली विकास प्राधिकरणाची स्थापना झाली; १३ नोव्हेंबर १९५९ च्या एकाच अधिसूचनेने राजधानीच्या विस्तारासाठी चौतीस हजार एकरांहून अधिक जमीन संपादनाच्या कक्षेत आली. १९६२ मध्ये पालमचा विमानतळ नागरी वाहतुकीसाठी मुख्य झाला. त्याच दशकात नजफगढचा नाला रुंद करीत नेल्यामुळे झिलाचे पाणी निचरून गेले. १९८० नंतरच्या काळात पप्पनकलाँ या नावाने नैऋत्येकडील उपनगरीची योजना पुढे आली आणि तिचेच पुढे द्वारका असे नामकरण झाले. ३१ डिसेंबर २००५ रोजी येथे मेट्रो रेल्वे आली. लक्षावधी माणसांना राहावयास घरे मिळाली, आणि ज्या शहरात निवाऱ्याची इतकी टंचाई होती तेथे ही गोष्ट लहान म्हणता येणार नाही. शेतकऱ्याला त्याच्या शेताचा मोबदला मिळाला. तो पुरेसा होता की नाही यावर न्यायालयांत वर्षानुवर्षे दावे चालले.

फिरनीचा मोबदला कोणी मागितला नाही, कारण ती कोणा एकाची नव्हती. गाव शहरी म्हणून जाहीर झाले की १९५४ च्या त्याच कायद्याप्रमाणे त्याची गावसभा संपुष्टात येते आणि तिची मालमत्ता केंद्र सरकारकडे वर्ग होते. ही तरतूद करणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे म्हणण्याचे कारण नाही. ज्या संस्थेचे अस्तित्व संपले तिची मालमत्ता कोठेतरी जावयास हवी. परंतु त्यामुळे असे झाले, की वाट सांभाळणारी संस्था आणि वाट ही दोन्ही एकाच दिवशी अनाथ झाली. शेत गेले त्याची नोंद झाली, भरपाई झाली, तक्रार झाली. वाट गेली तिची यांपैकी काहीच झाले नाही. जोहडांचेही पुष्कळ ठिकाणी असेच झाले. ज्या क्रमांकापुढे शजऱ्यात तळे लिहिलेले आहे, तेथे आज मोटारींचा तळ किंवा भिंत आढळते.

महाराष्ट्रातील वाचकाने हा प्रश्न दूरचा समजू नये. तेथील पाणंद आणि शिवरस्ता यांची कहाणी याच जातीची आहे. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याने अडविलेली वहिवाट मोकळी करून देण्याचा अधिकार मामलेदारास दिला. १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमाने बांधावरून शेतात जाण्याचा हक्क ठरविण्याचे काम तहसीलदाराकडे सोपविले. तहसील कचेऱ्यांतून असे दावे सतत चाललेले असतात. परंतु या दोन्ही तरतुदी मुख्यतः शेतकऱ्याला त्याच्या शेतात पोहोचता यावे म्हणून आहेत. ज्याला शेत नाही, ज्याला त्या वाटेवर चालण्यावाचून दुसरे काही काम नाही, अशा माणसाचा विचार त्यांत नाही. आपल्याकडे चालणे हे कामासाठी असते किंवा यात्रेसाठी असते. लक्षावधी माणसे आषाढीस पंढरीची वाट चालतात आणि तिला कोणी आडकाठी करीत नाही. पण संध्याकाळी गावाबाहेर दोन मैल फिरून यावे, हा सामान्य माणसाचा हक्क आहे असे आपल्या कायद्याने अद्यापि स्पष्टपणे मनावर घेतलेले नाही.

तरीही पालमच्या परिसरातून सर्व काही पुसले गेले आहे असे नाही. द्वारकेच्या बाराव्या विभागात लोहारहेडी या जुन्या गावाच्या नावाने ओळखली जाणारी एक बावडी आहे. ती लोदींच्या काळातली, म्हणजे म्हणीतल्या आलमशाहाकडून ज्यांनी राज्य घेतले त्यांच्या वेळची. लोहारहेडी हे गाव उठून गेले, बावडी झाडाझुडपांत आणि मातीत बुजली, भोवती उंच इमारती उभ्या राहिल्या. या शतकाच्या दुसऱ्या दशकात दिल्ली सरकारच्या पुरातत्त्व विभागाने तिच्यातील गाळ काढून दुरुस्ती केली. गाळ निघाल्यावर तळाशी पाणी दिसू लागले, ही गोष्ट आजूबाजूच्या रहिवाशांना फार नवलाची वाटली. वास्तविक त्यात नवल नव्हते. झिलाकाठच्या या भूमीत पाणी होतेच. ते पाहावयास जाण्याची वाट तेवढी बंद झाली होती.

फिरन्याही अगदी नाहीशा झालेल्या नाहीत. नजफगढात फिरनी रोड या नावाचा रस्ता आहे आणि त्यावरून जाणाऱ्या बहुतेकांना ते नाव कशावरून पडले याची कल्पना नसते. द्वारकेच्या विभागांमधून जी गावठाणे बेटांसारखी शिल्लक आहेत, त्यांच्या कडेने चालत गेले असता रस्ता एकाएकी वळसा घेऊ लागतो. आखीव नगरीतील सरळ रस्ता तेथे वाकतो, कारण नियोजनकारांना लाल डोऱ्याच्या आतील वस्ती हलविता आली नाही. त्या वळणावर चालणारा माणूस नकळत जुन्या फिरनीवर असतो. गावातील वडील मंडळी अजूनही पहाटे किंवा सायंकाळी त्या कडेने एक फेरा घालतात. त्यांच्या एका हाताला गावातील दाट घरे असतात आणि दुसऱ्या हाताला, जेथे पूर्वी गहू आणि मोहरी होती, तेथे क्रमांकांच्या इमारती असतात. फेरा पूर्वीइतकाच लहान आहे, पूर्वीइतकाच सोपा आहे. मात्र मोटारींची रांग, बांधकामाचे सामान, उघडी गटारे यांतून तो पुरा करणे दरवर्षी थोडे थोडे कठीण होत चालले आहे.

इंग्लंडातील पाऊलवाटांच्या इतिहासावरून काही शिकावयाचे असेल तर ते एवढेच, की जी वाट लोक चालतात ती लिहून ठेवली पाहिजे आणि ती सांभाळण्यास कोणीतरी बांधलेले असले पाहिजे. पालमच्या बाबतीत पहिले काम पूर्वीच झालेले आहे. गावोगावचे शजरे महसूल दप्तरांत आहेत. त्यांत फिरनी दाखविलेली आहे, जोहड दाखविलेले आहेत, एका गावाहून दुसऱ्या गावास जाणाऱ्या वाटा दाखविलेल्या आहेत. आजच्या नगराच्या नकाशावर ते ठेवून पाहिले तर कोणती वाट अजून चालता येते, कोणती थोड्या श्रमाने मोकळी होईल आणि कोणती कायमची गेली, हे समजणे अवघड नाही. ज्या वाटा उरल्या असतील त्यांना सार्वजनिक म्हणून जाहीर करावे, गावाचे जुने नाव तेथे लिहावे, चार झाडे लावावीत, आणि त्यांची देखभाल एखाद्या विभागाच्या कर्तव्यांत समाविष्ट करावी. विमानतळ बांधणाऱ्या आणि भुयारी रेल्वे चालविणाऱ्या राज्याला हे काम खर्चाचे वाटण्याचे कारण नाही.

उद्धर ठाकुराने १२७६ मध्ये बावडी बांधली, तेव्हा तो दूर देशच्या घराण्यातला मनुष्य होता. सुलतान तुर्की होता, लेखाची भाषा पंडिताची होती आणि पाणी पिणारे त्या वाटेने जाणारे वाटेल ते लोक होते. त्या वाटसरूचे नाव, गाव, जात, धर्म विचारण्याची तरतूद त्या लेखात नाही. आजच्या द्वारकेतील रहिवासीही नाना प्रांतांतून आलेले आहेत. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. या भूमीत त्यांची शेते नव्हती, म्हणून गेलेल्या शेतांवर त्यांचा हक्क नाही. परंतु दोन गावांमधली वाट ही जो चालेल त्याची असते, आणि त्या न्यायाने पालमच्या फिरनीवर त्यांचाही तितकाच हक्क आहे, जितका पालमच्या म्हाताऱ्यांचा.